उसना आणलेला रंधा

तो रंधा माझा नव्हता. तिरुविडैमरुदूरला राहणाऱ्या दोन सुतार भावांचा होता, त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं घडवलेला. मोजमापं घेण्यापुरता मी तो उसना आणला होता आणि तो माझ्या हातून फुटला.

कुंभकोणमच्या एका तंत्रशाळेत मी सव्वीस वर्षं फिटरचं काम शिकवलं. कानस कशी धरायची, पितळ कसं घासायचं, चौकोन काटकोनात कसा आणायचा, हेच रोज. निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात. मागच्या खोलीत व्हाइस बसवला आणि रंधे करायला लागले. तळ आणि दोन्ही बाजू पितळेच्या, आत शिसवी लाकूड, वर लाकडाचीच मूठ. वर्षाला सात-आठ होतात. वीणा करणारे, फर्निचर करणारे, हौशी लोक घेऊन जातात. घरात आम्ही त्याला रंधाच म्हणतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले, त्यांनी आणलेले असे कितीतरी शब्द आमच्या घरात तसेच राहिले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मात्र त्याचा इळैप्पुळी होतो, कारण बाहेरचं सगळं बोलणं तमिळमध्ये.

धाकटे भाऊ माझ्याकडे आले ते स्वामिमलैच्या वाटेवरच्या एका ओताऱ्यानं पाठवलं म्हणून. माझ्या रंध्यांचे पितळी तळ मी त्याच्याकडूनच ओतून घेते. आचारी, तमिळमध्ये सुताराला असंच म्हणतात, पंचाहत्तरीचे, सडपातळ, पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे धोतरातले. पिशवीतून त्यांनी जुन्या कापडात गुंडाळलेला एक रंधा काढला. हातभर लांब, अरुंद, शिसवी. तळ सपाट नव्हता, एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला खोलगट होता. लाकडावर नक्षीची वळणदार पट्टी काढायचा, म्हणजे गलत्याचा रंधा.

"रथाच्या बैठकीला कमळाच्या पाकळ्यांची पट्टी असते ना, ती यानं काढतो," ते म्हणाले. "पट्टीश्वरमजवळच्या एका गावाचा रथ नवा होतोय. मशीननं पट्टी निघते, पण पाकळीचा हा उतार येत नाही. अप्पांनी केलेला आहे हा. आता तळ झिजलाय. अगदी असाच, पण पितळी तळाचा करून द्याल का?"

"घरात आणखी कोणी वापरतं का?" मी विचारलं. धरणारा कोण यावर मूठ ठरते.

"नाही. माझे अण्णा आहेत, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. पण ते चाकांचं काम करायचे. गलता माझ्याकडे."

आठ दिवसांत परत देते असं सांगून मी रंधा ठेवून घेतला. त्यांनी जाताना त्याला हात लावून डोळ्यांना लावला. ते मला नंतर सारखं आठवत राहिलं.

तळाचा ठसा मी पहिल्याच दिवशी मेणात घेतला. पातं कोणत्या कोनात बसतं ते पाहायचं तर ते बाहेर काढायला हवं, आणि पातं धरून ठेवणारी लाकडी पाचर काही केल्या हलेना. अशा रंध्याच्या मागच्या टोकावर हलक्या हातानं ठोकत राहावं, हळूहळू पाचर सैल होते. पोरांना हे मीच शिकवलेलं. पण सातव्या दिवशी हे काम हाती घेतलं तेव्हा माझ्या जावेकडे बारसं होतं, अकराला निघायचं होतं आणि यजमान बाहेरून दोनदा "अगं, झालं का?" म्हणून गेले होते. मी रंधा व्हाइसमध्ये आवळला, पाचरेला खालून पितळी दांडी लावली आणि हातोडा घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट् असा कोरडा आवाज आला.

पाचर निघाली होती. तिच्याबरोबर रंध्याची डावी बाजूही निघाली होती, चांगला वीतभर लांब तुकडा.

मी स्टुलावर बसले. यजमान पुन्हा बोलवायला आले, माझ्याकडे पाहिलं आणि जावेला फोन करून आम्हाला उशीर होईल म्हणून सांगितलं.

थोड्या वेळानं मी तुकडा उचलून खिडकीशी नेला. तेव्हा एक गोष्ट दिसली. फुटलेल्या जागेचा मागचा भाग ताजा होता, लालसर तपकिरी, नुकतंच चिरलेलं शिसवी लाकूड दिसतं तसा. पण पुढचा, रंध्याच्या तोंडाकडचा भाग काळा पडलेला होता आणि त्यावर वाळलेल्या सरसाचे चकचकीत थेंब होते. म्हणजे रंधा पूर्वी कधीतरी तिथेच फुटला होता आणि कुणीतरी तो चिकटवला होता. बाहेरून लाख आणि काजळी इतकी बेमालूम भरली होती की मला आठवडाभर पत्ता लागला नव्हता.

यजमानांना दाखवलं तर त्यांचा चेहराच उजळला.

"मग झालं की! आधीच फुटलेला होता. तुझा काय दोष त्यात?"

"पाचर मी ठोकली ना."

"पण पुरावा आहे तुझ्या हातात. सांग त्यांना, दाखव."

त्यांचं चुकत नव्हतं, पण माझं मन घेईना. तो जोड इतकी वर्षं टिकला होता. मी शहाण्यासारखं वागले असते तर पुढेही टिकला असता. वर एका म्हाताऱ्या माणसाला जाऊन सांगायचं की तुमच्या वडिलांचं हत्यार आधीपासूनच मोडकं होतं? दुसऱ्या दिवशी आचारींचाच फोन आला. "अम्मा, मोजमाप झालं का?" मी म्हणाले, "होत आलंय, अय्या." फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली. जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही तुकडे, पाचर आणि पातं त्याच कापडात गुंडाळून मी बस पकडली.

कापणीचे दिवस होते. रस्त्याची अर्धी बाजू अडवून लोकांनी भात वाळत घातलं होतं आणि बस त्याला वळसे घालत चालली होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी एवढंच ठरवलं की पहिलं वाक्य "माझ्या हातून फुटला" हेच म्हणायचं. मागचं पुढचं काही नाही.

घर जुन्या गल्लीत, पुढे लांब ओटा असलेलं. ओट्यावर थोरले भाऊ पेपर वाचत बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ऐंशी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, बोटं तर चाकाच्या आऱ्यांसारखी. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे पेपर ते हौसेनं वाचत होते, जाहिरातींसकट. धाकटे आतून हसत बाहेर आले. "या या अम्मा, फोन केला असता तर मीच आलो असतो."

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"अय्या, तुमचा रंधा माझ्या हातून फुटला. पाचर निघत नव्हती. मी घाई केली, जोरानं ठोकली. चूक माझी आहे."

त्यांनी पिशवी घेतली, कापड उलगडलं. आतला तुकडा पाहिला आणि लगेच कापड परत मिटलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. वडिलांच्या आठवणीनं असेल असं मला वाटलं.

"राहू द्या, अम्मा. जुनं लाकूड. कधीतरी व्हायचंच." हे ते फार भराभर बोलले.

"काय झालं?" थोरल्यांनी पेपर खाली ठेवला.

"काही नाही, अण्णा. बाजूचा एक तुकडा निघालाय."

"बघू."

"नंतर बघा, आधी अम्मांना कॉफी..."

"बघू म्हटलं."

धाकट्यांना द्यावंच लागलं. थोरले दोन्ही तुकडे घेऊन ओट्याच्या कडेला उन्हात गेले. बराच वेळ ते फुटलेली जागा पाहत होते. मग अंगठ्याच्या नखानं त्या काळ्या भागावर खरवडलं आणि नख नाकाशी नेलं.

"हा सरस आहे. तुम्ही लावलात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला हे सांगायचं नव्हतं, पण आता इलाज नव्हता. "आत आधीपासून होता."

"अप्पांनी लावला असेल म्हणावं, तर अप्पा फुटलेलं हत्यार कधी चिकटवत नव्हते. फेकायचे आणि नवं करायचे." त्यांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. "तू?"

धाकटे पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मग खाली बघतच म्हणाले, "मीच चिकटवला, अण्णा."

त्यांनी जे सांगितलं ते असं. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. वडील चार दिवस परगावी गेले होते. त्यांच्या रंध्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात नियम होता. यांनी फळीवरून तो काढला, रथाच्या मांडवात नेला आणि परांचीवर चढून एका पट्टीवर चालवून पाहायला गेले. रंधा हातातून सुटून खाली दगडावर पडला आणि बाजूनं तडकला. यांनी सरस तापवला, चीर चिकटवली, दोऱ्यानं आवळून दोन दिवस गवतात लपवून ठेवला, वरून लाख आणि काजळी भरली आणि वडील यायच्या आत फळीवर ठेवून दिला.

"अप्पा आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंधा तुम्हाला दिला," धाकटे म्हणाले. "म्हणाले, आता मोठ्यानं गलता शिकायचा."

थोरल्यांनी हातातला तुकडा उलटा करून पाहिला.

"तुमच्या हातात तो थरथरायचा, अण्णा. पाकळीवर लाटा उठायच्या. आठ दिवस अप्पांनी पाहिलं."

"आणि म्हणाले, तुझा हात जड आहे," थोरल्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं. "तू चाकांकडे जा." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या हातात कसा नाही कधी थरथरला?"

"मला माहीत होतं ना, अण्णा. कुठे दाबायचं नाही ते."

दोन भावांच्या मध्ये मी पाहुणी म्हणून अशी बसलेली, आणि हे सगळं उकरून निघालं ते माझ्या हातोड्यानं. थोरले उठले. रंध्याचे तुकडे, पातं सगळं उचललं आणि घरात निघून गेले. धाकट्यांच्या बायकोनं कॉफी आणली, आमची तोंडं पाहिली, पेले ठेवले आणि आल्या पावली परत गेली.

"अप्पा होते तोवर भीतीनं सांगितलं नाही," धाकटे हळू आवाजात मला म्हणाले. "ते गेल्यावर वाटलं, आता कशाला. मग अण्णांच्या चाकांचं इतकं नाव झालं. लांब लांबून लोक न्यायला यायचे त्यांना. मी म्हणायचो, बरंच झालं की. पण रंधा हातात घेतला की दर वेळी तेच आठवायचं. दर वेळी, अम्मा."

कॉफीवर साय धरली. माझ्या मनात आलं की आता ते बाहेर येऊन काहीतरी असं बोलतील की या घरात दोन चुली होतील.

थोरले बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त पातं होतं. दारातच उभे राहिले.

"म्हणजे माझा हात जड नव्हता," ते म्हणाले. खात्री करून घ्यावी तसं.

"नव्हता, अण्णा."

"ऐकलंत ना, अम्मा? तुम्ही साक्षीला आहात."

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, मग खाली बसावं लागलं इतकं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं तसं टॉवेलानं टिपत टिपत हसत राहिले. त्या हसण्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. हसू ओसरल्यावर त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा.

"चौदाव्या वर्षी घाबरलास ते ठीक. पुढची साठ वर्षं काय करत होतास?"

धाकटे तोंड ओंजळीत धरून रडले. थोरल्यांनी त्यांना रडू दिलं. मग जाहीर केलं, "दोन दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि माझ्याकडे वळून पातं माझ्या हातात दिलं. "नव्या रंध्याला पातं हेच बसवा, अप्पांचं आहे. आणि मागून त्याला असा आधार द्या की कुणाच्याही हातात थरथरता कामा नये."

"देते, अय्या."

"फुटलेला इथेच राहू दे. चिकटवायचा नाही."

एवढंच. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बस स्टॉपवर आल्यावर लक्षात आलं की भूक लागली आहे, पोटात खड्डा पडल्यासारखी. गाड्यावर दोन गरम मेदुवडे खाल्ले, आणखी दोन मागितले. तीन दिवसांनी जिभेला चव लागली होती. घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू फोडलास ते बरंच केलंस म्हणायचं."

"असं बोलू नका," मी म्हणाले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं आणि मी ते घाईनं झटकून टाकलं होतं.

नवा रंधा करायला दीड महिना लागला. मेणाच्या ठशावरून मी तळाचा लाकडी साचा केला, जरासा मोठा, कारण पितळ थंड होताना आकसतं. पहिलं ओतकाम वाया गेलं. पाकळीच्या खोलगट भागात सुईएवढी भोकं निघाली. ओताऱ्यानं स्वतःहून दुसऱ्यांदा ओतून दिलं. मग कानस. त्या वळणावर सपाट कानस चालत नाही, गोल कानशीनं थोडं थोडं घासत जायचं आणि दर दहा-बारा हातांनंतर ठशाला लावून बघायचं. बाजूच्या पितळी पट्ट्या रिव्हेट करून बसवल्या, आत एका जुन्या खांबाचं शिसवी लाकूड भरलं.

सगळ्यात वेळ गेला तो पात्याच्या बैठकीला. पात्याच्या पाठीला मी दिव्याची काजळी फासायची, पातं जागेवर बसवून काढायची आणि लाकडावर जिथे काळं उमटलं असेल तेवढंच पटाशीनं खरवडायची. काळं सगळीकडे सारखं उमटायला लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. एरवी मी तीस-चाळीस वेळा करते. या रंध्याला मोजलंच नाही. यजमान म्हणायचे, "पुरे आता, पाणीसुद्धा जायचं नाही मधून." मी पुन्हा काजळी फासायची.

रंधा घेऊन गेले तेव्हा ओट्यावर मोहाच्या लाकडाची एक पट्टी आधीच ठोकून ठेवलेली होती. रथाला हेच लाकूड वापरतात. धाकट्यांनी रंधा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, तळावरून बोट फिरवलं आणि न चालवताच भावाकडे दिला.

थोरल्यांचा पहिला हात वाईट गेला. रंधा मध्येच अडला, लाकूड ओरबाडलं. दुसरा हात थोडा बरा. त्यांनी पातं ठोकून केसभर वर घेतलं, पाय फाकवून उभे राहिले, डाव्या हाताचा पंजा रंध्याच्या बाजूला पूर्ण टेकवला, आणि चालवला. लाकडाचं एक लांब, पातळ साल रंध्याच्या वरून निघत गेलं आणि त्यांच्या मनगटावर वेटाळलं. ते थांबले नाहीत. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पंधरा-वीस हातांनंतर पट्टीवर पाकळीचा उतार दिसायला लागला.

त्यांनी अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ये. बघ," ते भावाला म्हणाले.

धाकट्यांनीही अंगठा फिरवला. "लाट नाही, अण्णा. एकही नाही."

मी इतका वेळ उभीच होते. तेव्हा कुठे खाली टेकले. कॉफी आली आणि या वेळी आम्ही ती गरम असताना प्यायलो. बोलता बोलता थोरले म्हणाले, "चाकं करण्यात माझं आयुष्य वाईट गेलं नाही, अम्मा. चाक चुकलं तर रथ हलत नाही. पण रथ निघाला की लोक वर बघायचे, पट्टीकडे, कळसाकडे, आणि मी चाकांकडेच बघायचो. वर बघायला नको वाटायचं." मग हसून म्हणाले, "रंधा मागून थोडा जड झालाय. इथून जरा कमी करा."

ते त्यांचं बरोबर होतं. मी तिथेच बसून मुठीखालचं लाकूड पटाशीनं कमी करून दिलं.

त्यानंतर महिन्याभरानं धाकट्यांचा फोन आला. आवाजात तक्रार होती, पण मनापासूनची नव्हती.

"अम्मा, अण्णांनी तेव्हा दोन दिवस खरंच अबोला धरला होता बरं का. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, कॉफी झाली का. ते मिटलं. पण आता वेगळीच पंचाईत आहे. रथाचं काम सुरू झालंय आणि अण्णा तो रंधा मला देतच नाहीत. सकाळपासून तेच पट्ट्या काढत बसतात. मी काय करायचं?"

"मग?"

"मला एक वेगळा करून द्या. तसाच."

साचा माझ्याकडे होताच. मी विचारलं, "मूठ तुमच्या हाताच्या मापाची करू ना?"

"करा," ते म्हणाले. "आणि थोडी हलकी करा. माझा हात अण्णांइतका मोठा नाही."